कबुलीजबाबातला सम्राट

बेर्नार्दो बेर्तोलुच्चीच्या 'द लास्ट एम्परर' (१९८७) या चित्रपटाचा आरंभ एका रेल्वे स्थानकावर होतो. साल १९५०. सोव्हिएत रशियाच्या ताब्यातले युद्धकैदी चीनच्या हवाली केले जात आहेत. त्यांतल्या एका चष्मेवाल्या, कृश माणसाला ओळखून काही कैदी त्याच्या पायाशी लोळण घेतात. तो घाबरतो, स्थानकाच्या न्हाणीघरात शिरून दार लावून घेतो आणि मनगटाच्या शिरा कापून घेतो. करड्या रंगात बुडालेल्या पडद्यावर रक्ताचा लाल रंग पसरतो. बाहेरून दारावर धक्के बसू लागतात. त्या धक्क्यांतून आपण १९०८ सालच्या पेकिंगमध्ये जाऊन पोचतो. तीन वर्षेही पूर्ण न झालेल्या एका पोराला राजवाड्यात नेण्यासाठी स्वार आलेले असतात.

प्रसंग विलक्षण परिणामकारक आहे. मात्र तो कधी घडलेला नाही. चिंग घराण्याचा शेवटचा सम्राट पुयी याने सरहद्दीवर आत्महत्येचा प्रयत्न केला नव्हता. रशियातल्या पाच वर्षांच्या कैदेत त्याने आपल्याला तिथेच राहू द्यावे म्हणून स्टालिनकडे अर्ज केले होते. चीनमध्ये परतलो तर आपला शिरच्छेद होणार, याविषयी त्याची खात्री होती. जगण्याची इतकी चिवट इच्छा असलेला माणूस स्वतःच्या शिरा कापून घेईल, हे मला पटत नाही. पण ऐतिहासिक चित्रपटात काल्पनिक प्रसंग असतातच, आणि त्यांची यादी करून दिग्दर्शकाला दोषी ठरवणे हा काही टीकेचा प्रांत नव्हे. प्रश्न वेगळा आहे. हा प्रसंग चित्रपटाला हवा का होता?

तो हवा होता, कारण पुढचा सगळा चित्रपट चौकशीच्या खोलीत उभा आहे. फुशुनच्या युद्धगुन्हेगारांच्या तुरुंगात कैद्याला सांगितले जाते की तुझे आयुष्य लिहून काढ. तो लिहितो, आणि तो जे लिहितो, आठवतो, लपवतो ते आपल्याला दिसते. निषिद्ध नगरीतले वारा भरलेले पिवळे पडदे, दरबारी मंडळींच्या ओळींमागून ओळी, तिएन्त्सिनमधली नाचगाणी, चांगचुनच्या राजवाड्यातली भेसूर मेजवानी, हे सारे एका कैद्याच्या जबानीचे साहित्य आहे. आत्महत्येचा प्रयत्न फसल्यावर तुरुंगाधिकारी त्या माणसाला पुन्हा जन्माला घालतो, असा या रचनेचा अर्थ. मुळात चित्रपटाचा आधारच एक कबुलीजबाब आहे, आणि चित्रपटाची ताकद व दुबळेपणा या दोन्हींची मुळे मला तिथेच दिसतात.

तो कबुलीजबाब म्हणजे पुयीचे आत्मचरित्र. त्याच्या चिनी नावाचा अर्थ 'माझ्या आयुष्याचा पूर्वार्ध' असा होतो. फुशुनमध्ये पुयी कैदी क्रमांक ९८१ होता. तिथे त्याने आपल्या गतायुष्याविषयी एक दीर्घ निवेदन लिहिले. ४ डिसेंबर १९५९ रोजी त्याला माफी मिळाली, आणि पुढे ते निवेदन सरकारी प्रकाशनसंस्थेतला संपादक ली वेन्दा याच्या हाती आले. लीने पुयीशी दीर्घ बैठका केल्या, कागदपत्रे धुंडाळली, मजकूर पुन्हा रचला. भाषेवर अखेरचा हात फिरवण्यात खुद्द लाओ शे यांचा वाटा होता, म्हणजे त्या काळातल्या श्रेष्ठ चिनी लेखकांपैकी एकाचा, आणि तेही पुयीसारखेच मांचू. पुस्तक १९६४ साली निघाले. ते कुणाचे, यावर पुढे न्यायालयात वाद झाला. एका बाजूला पुयीची विधवा ली शुशिएन, दुसऱ्या बाजूला ली वेन्दा. १९९५ साली पेकिंगच्या न्यायालयाने लेखक म्हणून पुयीचा हक्क मान्य केला. तोवर ली वेन्दा हयात नव्हता. न्यायालयाने कायद्याचा प्रश्न सोडवला. वाचकाचा प्रश्न तसाच राहतो, कारण त्या पुस्तकातल्या 'मी' मागे कैदी, संपादक, तुरुंगाधिकारी आणि शैलीदार साहित्यिक असे अनेक जण उभे आहेत.

मराठी वाचकाला ही गोष्ट नवी वाटू नये. आपल्या बखरी कुणाच्या तरी आज्ञेवरूनच लिहिल्या गेल्या, आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढताना राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल पत्रांना मान दिला तो याच कारणाने. बखरकार आपल्या धन्याचा पूर्वज उजळ करतो, एवढे ओळखले की बाकीचे वाचणे सोपे जाते. कबुलीजबाब मात्र उलट्या दिशेने काम करतो. इथे लिहिणाऱ्याला स्वतःचा भूतकाळ काळा करण्यात हित असते. पूर्वार्ध जितका काळा, तितका उत्तरार्ध उजळ. म्हणून पुयी जेव्हा स्वतःविषयी वाईट लिहितो तेव्हाही आपल्याला सावध राहावे लागते, आणि हा सावधपणा बखर वाचण्याच्या सवयीतून येत नाही.

थोडे विषयांतर होईल, पण सातारचे प्रतापसिंह महाराज इथे आठवल्यावाचून राहत नाहीत. १८३९ च्या ऑगस्टात मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक साताऱ्यास आले. तहाचा भंग आपल्याकडून झाला, असे मान्य करणाऱ्या कागदावर महाराजांनी सही करावी म्हणजे गादी राहील, असा त्यांचा प्रस्ताव होता. महाराजांनी सही केली नाही. सप्टेंबरात त्यांना पदच्युत करून धाकट्या भावाला गादीवर बसवण्यात आले, आणि १८४७ साली काशीला नजरकैदेत त्यांचा अंत झाला. कबुली देऊन राज्य राखता आले असते, तिथे एकाने ती नाकारली. राज्य जाऊन बरीच वर्षे झाल्यावर केवळ जीव राखण्यासाठी दुसऱ्याने ती दिली. दोघांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मी विसरत नाही. पण पदच्युत राजाकडून राज्याबरोबर आणखी एक गोष्ट मागितली जाते, ती म्हणजे त्याची स्वतःची साक्ष, हे या दोन उदाहरणांवरून दिसते.

पुयीच्या बाबतीत ही मागणी नवी नव्हती. त्याच्या नावाचा पहिला महत्त्वाचा कागद म्हणजे १२ फेब्रुवारी १९१२ चे राज्यत्यागाचे फर्मान. तेव्हा तो नुकताच सहा वर्षांचा झाला होता आणि फर्मान काढले ते राजमाता लोंगयू हिने. त्या बदल्यात प्रजासत्ताकाने त्याची पदवी राखली, राजवाड्यात तूर्त राहण्याची मुभा दिली आणि वर्षाला ४० लाखांचा तनखा कबूल केला. १९१७ च्या जुलैत एका सेनापतीने त्याला पुन्हा गादीवर बसवले. ते राज्य १२ दिवस टिकले, तेव्हाही फर्माने दुसऱ्यांनीच लिहिली. चित्रपट हा भाग गाळतो. गाळणे समजण्यासारखे आहे, कारण बेर्तोलुच्चीला कोंडलेले मूल हवे आहे आणि या १२ दिवसांत ते मूल राजकारणातले प्यादे म्हणून फारच उघडे पडते.

कोंडलेपणा हा चित्रपटाचा प्राण आहे, आणि तो बेर्तोलुच्चीने असा काही साधला आहे की अन्य आक्षेप क्षणभर मागे पडतात. आईच्या मृत्यूची बातमी येते, तरुण सम्राट सायकलवरून वेशीपर्यंत धावतो, दरवाजे बंद होतात. हातातला पाळलेला उंदीर तो त्या प्रचंड दरवाज्यावर फेकून मारतो. पुढे चांगचुनच्या राजवाड्यातून राणीला मोटारीतून नेतात तेव्हा पुन्हा तो धावतो आणि पुन्हा दरवाजे बंद होतात. छायाचित्रकार व्हित्तोरिओ स्तोरारोने बालपणाला तांबडे-पिवळे ऊबदार रंग दिले, तुरुंगाला करडा दिला. १९८६ साली प्रत्यक्ष निषिद्ध नगरीत चित्रीकरण करण्याची परवानगी मिळालेला हा पहिला पाश्चात्त्य कथापट. चित्रणासाठी एकोणीस हजार माणसे जमवली होती असे सांगतात. त्याला नऊ ऑस्कर मिळाली ती या देखाव्यामुळे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जॉन लोनचा पुयी हा माणूस नेहमी आपल्या कपड्यांच्या आत किंचित हरवलेला दिसतो, आणि ते काम केवळ देखाव्याने होत नाही.

पण आता पुस्तक शेजारी ठेवून पाहा. चित्रपटात बाल सम्राट आपण अजून सम्राटच आहोत हे धाकट्या भावाला दाखवण्यासाठी एका खोजाला शाई प्यायला लावतो. प्रसंग क्रूर आहे, पण तो एका दुखावलेल्या पोराचा हट्ट म्हणून येतो. पुस्तकातला पुयी लिहितो की खोजांना फटके मारवणे हा त्याचा नित्यक्रम होता. एकदा लोखंडाचा कीस भरलेला केक एका खोजाला द्यावा आणि तो खाताना त्याचा चेहरा कसा होतो ते पाहावे, असे त्याच्या मनात आले. दाई वांग हिने दात पडतील म्हणून त्याला अडवले. मजा पाहायचीच असेल तर आत हिरवे मूग भर, म्हणाली. साऱ्या राजवाड्यात त्याला माणूस म्हणून वागायला सांगणारी ती एकटी होती, आणि तिलाही पुढे काढून टाकण्यात आले. चित्रपटात दाई आहे, तिचे दूध आहे, तिचा विरह आहे. तिने केलेली अडवणूक मात्र नाही.

चांगचुनमध्ये फरक आणखी वाढतो. १९३१ च्या नोव्हेंबरात पुयी मोटारीच्या सामानकप्प्यात लपून तिएन्त्सिनमधून निसटला, १९३२ साली जपानने उभारलेल्या मांचुक्वोचा प्रमुख झाला, १९३४ साली सम्राट. सोहळ्याला त्याला पूर्वजांचा नागमुद्रांकित झगा हवा होता, जपान्यांना लष्करी गणवेश. तोड अशी निघाली की पहाटे देवाला आवाहन करताना झगा घालायचा आणि राज्यारोहणाला गणवेश. या काळातला चित्रपटातला पुयी म्हणजे उंची पोशाखातला, उदास, फसवला गेलेला माणूस. पुस्तकातला पुयी संशयाने ग्रासलेला आहे. अनाथाश्रमातून आणलेली पोरे त्याच्या वाड्यात नोकर होती आणि तो त्यांना मारहाण करवीत असे. त्यांतला एक पळून जाण्याचा प्रयत्न करताना सापडला आणि मारहाणीने त्याचा जीव गेला. हे पुयी स्वतः सांगतो.

कबुलीजबाब भूतकाळ काळा करतो असे मी वर म्हटले. तर मग ही पोरे तुरुंगाच्या आग्रहाखातर आलेली आहेत काय? तसे वाटत नाही. फुशुनच्या तुरुंगात त्याच्याबरोबर त्याचे पुतणे आणि नोकर होते. त्यांच्या जबान्या होत होत्या, त्यांच्यासमोर खोटे टिकणारे नव्हते. चौकशीला हवा होता तो देशद्रोह, जपान्यांशी केलेले संगनमत. एका अनाथ नोकराचा मृत्यू त्या आरोपपत्रात किरकोळ होता, आणि किरकोळ म्हणूनच मला तो विश्वसनीय वाटतो. चित्रपटाला तो परवडणारा नव्हता. त्या पोराचे प्रेत एकदा पडद्यावर आले असते तर वेशीच्या बंद दरवाज्यामागचा सम्राट आपल्याला इतका आपला वाटला नसता.

पुयीने आणखी एका ठिकाणी साक्ष दिली होती, आणि तीही चित्रपटात नाही. १९४६ च्या ऑगस्टात तोक्योच्या आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणापुढे रशियाने त्याला साक्षीदार म्हणून उभे केले. आठ दिवस तो बोलला. आपण केवळ बाहुले होतो, जिवाच्या भीतीने गेलो, असे त्याने सांगितले. बचाव पक्षाने जपानचा माजी युद्धमंत्री मिनामी याला त्याने लिहिलेले पत्र पुढे केले, तेव्हा ते बनावट असल्याचे तो ओरडून म्हणाला. पत्र खरे होते. आत्मचरित्रात त्याने ते मान्य केले आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपण खोटे बोललो असेही लिहिले. चित्रपटात हेच खोटे फुशुनच्या चौकशीत येते. आपल्याला जपान्यांनी पळवून नेले असे तो सांगतो, आणि त्याचा इंग्रजी शिक्षक जॉन्स्टन याचे पुस्तक उघडून अधिकारी त्याला पकडतो, कारण जॉन्स्टनने तो स्वेच्छेने गेल्याचे लिहून ठेवले होते. नाट्य साधले. पण तोक्यो वगळल्याने एक गोष्ट निसटली. या माणसाने आयुष्यात दोन मोठ्या जबान्या दिल्या, दोन्ही ज्यांच्या कैदेत होता त्यांना हव्या तशा. दुसरी जबानी खरी मानायची असेल तर पहिली का खोटी ठरली, हे प्रेक्षकाला स्वतः तपासावे लागले असते.

बेर्तोलुच्ची इटलीच्या कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता. चीनपुढे त्याने दोन विषय ठेवले होते, एक मालरोच्या कादंबरीवरचा आणि दुसरा हा. चिनी सरकारला हा आवडला. पुयीचा भाऊ पुजिए आणि ली वेन्दा दोघेही सल्लागार होते. यात लपवाछपवी नाही. तरीही ज्याने कबुलीजबाब घडवला तोच चित्रपटाचाही सल्लागार असणे म्हणजे साक्षीदारालाच पंच नेमण्यासारखे झाले. दुसऱ्या टोकाला जपानच्या वितरकांनी नानकिंगच्या कत्तलीची दृश्ये परस्पर कापली, आणि बेर्तोलुच्चीने जाहीर निषेध केल्यावर ती परत जोडली. म्हणजे मजकुरावर हात फिरवण्याची हौस केवळ पेकिंगमध्ये होती असे नाही.

या सगळ्यात ज्यांच्या जबानीला कुणी जागा दिली नाही त्या स्त्रिया. पुयीचे पाच विवाह झाले; चित्रपटात दोनच येतात. वेन्शिऊ ही दुसरी पत्नी १९३१ साली तिएन्त्सिनमध्ये त्याला सोडून गेली आणि रीतसर घटस्फोट घेतला. चिनी सम्राटाच्या इतिहासात असे कधी झाले नव्हते. चित्रपटात ती पावसात निघून जाते, इतके सुंदर की आपण तिच्या वकिलाचा विचारच करत नाही. तान यूलिंग १९४२ साली चांगचुनमध्ये आजारी पडून अचानक वारली. ली यूछिन १९४३ साली वाड्यात आली तेव्हा १५ वर्षांची होती. १९५७ साली कैदेतल्या नवऱ्यापासून तिने घटस्फोट घेतला. १९६२ साली त्याने जिच्याशी लग्न केले ती ली शुशिएन रुग्णालयात परिचारिका होती. या तिघी चित्रपटात नाहीत.

आणि पट्टराणी वान रोंग. जोन चेनने तिचे अफूच्या धुंदीतले हळूहळू विझणे अविस्मरणीय केले आहे. चित्रपटात ती मोटारचालकापासून गरोदर राहते, जपानी डॉक्टर अर्भक मारतात, आणि पुयीला मूल मेलेलेच जन्मले असे सांगण्यात येते. या मांडणीत पुयी फसवला जाणाऱ्यांच्या बाजूला राहतो. १९६४ च्या आवृत्तीतून गाळलेला पुष्कळसा मजकूर २००७ साली निघालेल्या आत्मचरित्राच्या संपूर्ण आवृत्तीत परत आला. तिथे पुयीच्याच नावाच्या मजकुरात असे आहे की मूल जन्मताच भट्टीत टाकले गेले आणि ते कुठेतरी जिवंत आहे या समजुतीत वान रोंग मरेपर्यंत राहिली. बेर्तोलुच्चीपुढे १९८६ साली छापील पुस्तक होते, त्यात हे नव्हते, एवढी सूट त्याला द्यायला हवी. ली वेन्दाला ते ठाऊक नसणे मात्र कठीण आहे.

वान रोंगचा अंतही चित्रपट दाखवत नाही. १९४५ साली जपान शरण आल्यावर पुयी विमानाने निघून गेला आणि मुकदेनच्या विमानतळावर रशियनांच्या हाती सापडला. विमानात तिला जागा नव्हती. ती कम्युनिस्ट सैन्याच्या ताब्यात आली, अफूवाचून तडफडत एका तुरुंगातून दुसऱ्यात हलवली गेली, आणि १९४६ च्या जूनमध्ये येनचीच्या तुरुंगात वारली. म्हणजे नवरा तोक्योत साक्षीला उभा राहण्याच्या दोनेक महिने आधी. फुशुनचा तुरुंग तिच्या वाट्याला आला नाही. कुणी तिला सांगितले नाही की बस, बालपणापासून लिहून काढ.

चित्रपटाच्या अखेरीस १९६७ सालच्या पेकिंगच्या रस्त्यावर लाल रक्षकांची मिरवणूक येते. धिंड काढलेल्यांत फुशुनचा तो तुरुंगाधिकारी आहे. वृद्ध पुयी पुढे होऊन त्या पोरांना सांगू पाहतो की हा चांगला शिक्षक आहे, आणि ढकलला जातो. मग तो तिकीट काढून आपल्या जुन्या राजवाड्यात जातो आणि सिंहासनामागून लहानपणी लपवलेली नाकतोड्याची डबी काढून पहारेकऱ्याच्या मुलाला देतो. सगळ्यांच्या लक्षात राहते ती डबी. मला मिरवणूक अधिक मोलाची वाटते. आख्ख्या चित्रपटात पुयी एकदाच कुणी न मागता साक्ष देतो ती तिथे, आणि ती कुणी ऐकून घेत नाही.

त्या तुरुंगाधिकाऱ्याची भूमिका यिंग रुओचेंग याने केली आहे. चित्रीकरणाच्या साली तो चीनचा सांस्कृतिक उपमंत्री झाला होता. त्याआधीचे त्याचे आयुष्य रंगभूमीवर गेले, आणि लाओ शे यांच्या 'चहाघर' नाटकातली त्याची भूमिका गाजलेली होती. लाओ शे यांचा १९६६ च्या ऑगस्टात लाल रक्षकांच्या छळानंतर मृत्यू झाला. यिंगला १९६८ साली पकडले आणि तीन वर्षे तुरुंगात ठेवले. पडद्यावर कैद्याला मायेने सांभाळणाऱ्या, डोक्यावर कागदी टोपी घालून धिंड काढल्या जाणाऱ्या त्या अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर जे दिसते त्यात अभिनय किती आणि आठवण किती, हे प्रेक्षकांपैकी फार थोड्यांना ठाऊक होते. यिंग २००३ साली वारला. त्याच्या तुरुंगाची हकीकत असलेल्या आठवणी २००९ साली अमेरिकेत इंग्रजीतून प्रसिद्ध झाल्या.